पडीक जमिनीला दोन गुण

“म्हणजे आता हे परत येणारच नाही?” शिंपीणकाकूंनी विचारलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

त्यांच्या मागे खुर्चीत आमच्या ऑफिसातले तराजू बसले होते. आमच्या कंपनीत नवा खेळ बाहेर पडायच्या आधी अशी चार साधी माणसं बोलावून त्यांना तो खेळायला देतात. आपण मागे बसायचं, चकार शब्द काढायचा नाही, मदत तर अजिबात करायची नाही. माणूस कुठे अडतो, कुठे वैतागतो, हे त्याच्या मानेवरून कळतं असं तराजू म्हणायचे. त्यामुळे काकूंच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही. मी शेजारच्या टेबलावर खेळातली झाडं रंगवत होते. मला हा नियम लागू नव्हता, तरी मीही पुढचं पान रंगवायला घेतलं.

झालं एवढंच होतं, की काकूंचा अंगठा घसरला. टेकायचा होता नकाशातल्या खाणीवर, टेकला शेजारच्या पाणथळीवर. ‘इथे बांधायचं का?’ असं फोनने विचारलंही होतं, पण असल्या प्रश्नाला सगळेच न वाचता हो म्हणून मोकळे होतात. लव्हाळी गेली, पाणी गेलं आणि सपाट तपकिरी चौकोन उरला. ती पाणथळ त्यांनी सकाळपासून जपली होती, तिच्या कडेकडेने सगळं गाव वसवलं होतं.

“सुईचं भोक अजून दिसतं मला, पण एवढ्याशा चौकोनात अंगठा मावत नाही,” त्या म्हणाल्या. “चूक माझीच आहे. पण चुकीवर काही उपायच नाही म्हटल्यावर खेळायचं कशाला? तेवढं तर घरीही आहे की.”

चहा घेऊन त्या गेल्या. फोन असा पालथा ठेवणाऱ्या त्या काही पहिल्या नव्हत्या. तराजू त्यांच्या रिकाम्या खुर्चीच्या मागे तसेच बसून राहिले. कुणी मागे बसून पाहिलं असतं तर त्यांच्याही मानेवरून बरंच कळलं असतं.

तराजू हे त्यांचं टोपणनाव. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. त्यांचं काम काय, हे त्यांच्या नातेवाइकांनाही शेवटपर्यंत नीट कळलं नाही. ते माझ्यासारखी चित्रं काढत नसत, इतरांसारखे प्रोग्राम लिहीत नसत. ते आकडे बदलत. आमचा ‘वस्ती’ नावाचा खेळ होता. नकाशाच्या चौकोनांवर शेतं करायची, खाणी खणायच्या, गावं वसवायची आणि गुण मिळवायचे. शेताला किती गुण, खाणीला किती, हे तराजू ठरवत. एखादी गोष्ट फार फायद्याची झाली तर सगळे तेच करत सुटतात आणि खेळाची मजा जाते. अगदीच बिनफायद्याची झाली तर तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि मग मी ती रंगवली कशासाठी? या दोहोंच्या मधे आकडा आणून उभा करायचा. चाराचे साडेतीन करायचे, आठवडाभर बघायचं, पुन्हा चार करायचे. “जावई आकडे बदलतात असं बाहेर बोलू नका, लोक भलताच अर्थ काढतील,” असं त्यांच्या सासऱ्यांनी घरातल्यांना बजावून ठेवलं होतं.

स्वभावही तसाच. चहात साखर घालताना आधी अर्धा चमचा, ढवळून चाखणार, मग पाव चमचा, पुन्हा चाखणार. तोवर चहा गार. मग गार चहा पिऊन “आता जमला” म्हणणार. अशा माणसाचा राग येतो, पण धरून ठेवता येत नाही.

तर त्या खेळात पडीक जमिनीचा एक नियम होता. गावाशेजारचं रान, गवत, पाणथळ, काहीही न बांधता तशीच राखली, तर त्या प्रत्येक चौकोनाचे दोन गुण गावाला मिळायचे. मात्र एकदा का तिथे काही बांधलं किंवा खणलं, की नंतर मोडून टाकलं तरी ते दोन गुण गेले ते गेलेच. काकूंना नडला तो हाच नियम. आणि तो तराजूंचा नव्हताच. तो त्यांच्या वडिलांचा होता.

तो नियम झाला तेव्हा आम्ही टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होतो. खालून रबराचा वास यायचा, हवा भरायचं यंत्र सुरू झालं की खिडक्या थरथरायच्या. माणसं मोजकी आणि खुर्च्या त्याहून कमी. वाईट दिवस होते असं म्हणायची पद्धत आहे, पण मला ते फार आवडायचे. उशिरा येणाऱ्याला खिडकीच्या कट्ट्यावर बसावं लागे. माझे सगळ्यात चांगले डोंगर मी त्या कट्ट्यावर बसून काढलेत.

तराजूंचे वडील, अण्णा, जन्मभर बुलडोझर चालवत आले होते. रस्ते, गोदामं, कॉलन्या, जे काही उभं राहायचं त्याच्या आधी अण्णा जाऊन जमीन सपाट करून यायचे. काम थांबल्यावर घरात बसून त्यांनी सुनेला इतकं भंडावून सोडलं, की तराजू त्यांना सोबत घेऊन येऊ लागले. “इथे बसा, खेळा आणि काय वाटतं ते सांगा.” अण्णांचा पंजा एवढा मोठा की माउस त्याखाली दिसेनासाच व्हायचा.

अण्णा काय करायचे, तर नकाशाच्या कोपऱ्यात एक एवढंसं गाव बसवायचे आणि पुढे नुसतं ‘पुढची फेरी’ हे बटण दाबत राहायचे.

“अण्णा, बांधा की काहीतरी,” तराजू म्हणायचे.

“कशाला? बरं दिसतंय.”

“अहो, हराल अशाने.”

“हरू दे. जन्मभर सपाटच केलं रे. आता ही बाई एवढं गवत काढते, त्याच्यावर कुठे पातं घालू?”

ही बाई म्हणजे मी. माझ्या गवताचं इतकं कौतुक नंतर कुणी केलं नाही. तर अण्णा रोज हरायचे. समोरचा संगणक चहूकडे खाणी खणून त्यांचं गाव गिळून टाकायचा. “गेलो वाटतं,” म्हणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून कोपऱ्यात गाव.

मुलालाच ते बघवेना. एक दिवस त्याने गुपचूप पडीक जमिनीला गुण देऊन टाकले आणि दुसऱ्या दिवशी अण्णा जिंकले. आम्हाला वाटलं म्हातारा खूश होईल. अण्णांनी खुर्ची मागे फिरवली.

“काल हेच केलं तर हरलो. आज जिंकलो. काय केलंस तू?”

“विशेष काही नाही. पडीक जमिनीला थोडे गुण दिले.”

“थोडे म्हणजे?”

“सहा.”

“आणि शेताला?”

“चार.”

“म्हणजे राबणाऱ्याला चार आणि हात बांधून बसणाऱ्याला सहा? शेतकऱ्याने बघितलं तर जोड्याने मारेल तुला!” अण्णा खरोखरच तापले होते. “मला सूट देतोस होय रे? मी काय कुकुलं बाळ आहे?”

मग बापलेकांची घासाघीस सुरू झाली. आठवडेच्या आठवडे चालली. पाच केले तरी अण्णा डोळे मिटून जिंकायचे आणि चिडायचे. एक केला तर पुन्हा रोज हार. दोन केले तेव्हा अण्णा बरेचदा हरायचे, पण हरताना मांडीवर थाप मारून संगणकाला शिव्या घालायचे, आणि क्वचित जिंकले तर अख्ख्या खोलीला आपल्या खर्चाने चहा पाजायचे. “आता खेळ झाला,” ते म्हणाले. तराजूंनी हे काम खऱ्या अर्थाने तेव्हाच शिकून घेतलं असं मला वाटतं. त्याआधी ते नुसतेच हिशेबाला बरे होते.

“पण एक आहे,” अण्णा म्हणाले. “एकदा पातं लागलं, की मग सोडून दिली तरी गुण द्यायचे नाहीत.”

“किती फेऱ्या द्यायचे नाहीत?”

“कधीच नाही.”

“कधीच कसं, अण्णा? पुष्कळ फेऱ्या गेल्यावर तरी—”

“येत नाही ती परत. मी बघतो ना दरवर्षी.”

मग त्यांनी सांगितलं. गावाबाहेर एका गोदामाचं काम होतं. मोजणीवाल्यांनी हद्दीच्या खुंट्या ठोकल्या होत्या, पण त्याआधीच्या कुठल्याशा जुन्या मोजणीच्या खुंट्याही तिथे तशाच राहिल्या होत्या. सकाळी धुकं होतं. अण्णांनी जुनी ओळ धरली आणि ऊन वर यायच्या आत, राखायची होती ती अख्खी पाणथळ बुजवून टाकली. बगळ्यांची जागा होती ती. अण्णांना कुणी बोललं नाही. उलट मालक खूश, त्याला जागा वाढून मिळाली. पण अण्णांच्या जिवाला ते लागून राहिलं. पावसाळा सरला की दरवर्षी ते बसने तिथे जायचे, कुंपणाशी उभे राहायचे आणि परत यायचे. तराजूंची आई विचारायची, “आलं का काही?” अण्णा म्हणायचे, “नाही.” बाकी त्या विषयावर घरात बोलणं नाही.

नियम राहिला. ‘वस्ती’ बऱ्यापैकी चालला. त्या एका नियमावरून लोक आम्हाला शिव्या घालायचे आणि तरी खेळायचे. पुढे अण्णांचे गुडघे गेले, त्यांचं तिथे जाणं थांबलं, आणि काही वर्षांनी अण्णाही गेले. आम्ही टायरच्या दुकानावरून निघून लिफ्ट असलेल्या इमारतीत आलो. आता प्रत्येकाला खुर्ची आहे आणि ती गोल फिरते.

या नव्या इमारतीतच ‘वस्ती’ फोनवर आणायचं ठरलं आणि शिंपीणकाकूंनी फोन पालथा ठेवला.

आमची नवी प्रमुख वयाने आमच्या पोरीसारखी. मला तिला वाईट म्हणायला आवडलं असतं, पण तिने संधी दिली नाही. हा खेळ खेळतच ती मोठी झाली होती. ती तराजूंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“काका, लोक सोडून जातायत. असं करू या का? जमीन चुकून मोडली तर एक जाहिरात बघायची, की जमीन पहिल्यासारखी.”

“जाहिरात बघितली की तळं?” तराजूंचे कान लाल झाले.

“बरं, ते नको. मग तुम्हीच सांगा. नियम तुमचा आहे, तुम्ही म्हणाल तसंच करू. ठेवायचा म्हणालात तर ठेवू.” जाता जाता ती थांबली. “पण रोज त्यांच्या मागे बसून तुम्हीच बघताय, काका.”

तिने हुकूम सोडला असता तर तराजूंना फुगून बसता आलं असतं. आता सगळंच त्यांच्या गळ्यात पडलं. त्या दिवशी त्यांनी चहात साखर घातलीच नाही. विसरले.

“रंगारी,” ते मला म्हणाले. मला ते रंगारी म्हणायचे. “नियम चुकतोय हे मला दिसतंय. फोनवर अंगठा घसरणारच. दुसऱ्या कुणाचा असता तर हा चहा संपायच्या आत बदलला असता.”

“मग बदला की.”

“अण्णांचं माझ्याकडे दुसरं काय आहे? कपडे देऊन टाकले. फोटोत हसताना आहेत, ते एरवी कुठे हसायचे? त्यांचा आवाजसुद्धा आता मला आठवत नाही हो. हे एक ‘कधीच नाही’ तेवढं त्यांच्या आवाजात ऐकू येतं.” त्यांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. “तेच मी पुसायचं?”

मला असल्या वेळी काय बोलावं ते सुचत नाही, आणि सुचत नसलं की मी गाडी काढते.

“चला,” म्हटलं. “बघून तर येऊ.”

“काय?”

“ती जागा. तुम्ही गेला होतात कधी?”

“छे. अण्णा एकटेच जायचे. मी येतो म्हणालो असतो तर नेलं असतं, पण कधी म्हणालोच नाही.”

माझी गाडी म्हणजे खटारा. विचारत विचारत, दोनदा चुकून, आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती. गोदाम बंद होतं. फाटक गंजलेलं, पाटी अर्धी पडलेली. आतून एक पहारेकरी आला. बंद गोदामाची राखण करून करून त्याला बोलायची भूक लागली असावी.

“जागा बघायला आलात? घेऊ नका,” तो लगेच म्हणाला. “काय वाट्टेल ते करा, मागच्या बाजूला पाणी भरतंच. दोनदा फरशी घातली, दोन्ही वेळा खचली. मालक कंटाळून गेला निघून.”

“पहिल्यापासून असंच आहे?” मी विचारलं.

“नाही हो, पहिल्यांदा चांगलं खडखडीत होतं. एक म्हातारबाबा यायचे दरवर्षी, त्या कुंपणाशी उभे राहायचे. मी पाणी द्यायचो त्यांना. काय बघायचे देव जाणे, बघण्यासारखं काही नव्हतंच. मग यायचे बंद झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी खालचं गटार फुटलं आणि पाणी वर यायला लागलं.”

तराजूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते सरळ मागच्या बाजूला चालू लागले.

अण्णांनी सांगितली होती तशी पाणथळ तिथे नव्हती. तडकलेल्या फरशीच्या फटींतून पाणी वर आलं होतं, त्यावर गंजाचा तवंग होता. एक पिंप निम्मं बुडालेलं. बगळा तर एकही नव्हता. पण कुंपणाच्या एका अंगाला लव्हाळी माजली होती, चांगली छातीएवढी, आणि आमची चाहूल लागताच बेडकांनी पटापट पाण्यात उड्या घेतल्या. एकाने घेतली, मग दुसऱ्याने, मग किती ते मोजवेना.

“तेव्हा अण्णा होते,” तराजू म्हणाले. “हे यायला लागलं तेव्हा ते होते हो. घरीच खिडकीशी बसलेले असायचे. नुसतं कुणीतरी येऊन बघून जायला हवं होतं.”

ते रडले. मोठ्याने नाही, पण लपवलंही नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं आणि मलाही रडू आलं, अण्णांसाठी, आणि त्या टायरच्या दुकानावरच्या खोल्यांसाठीही. पहारेकरी लांब जाऊन उगीचच फाटकाचं कुलूप तपासत राहिला.

बऱ्याच वेळाने त्यांनी नाक पुसलं.

“रंगारी, याला किती द्याल?”

मी पाहिलं. पिंप, तवंग, लव्हाळी. “दोन नाही.”

“छे, दोन नाहीच. दोन पहिल्या जमिनीचे.”

“पण शून्यही नाही.”

“नाही,” ते म्हणाले. बराच वेळ चाखत असल्यासारखे उभे राहिले. “एक.”

त्यांनी नियम बदलला. मोडलेली जमीन सोडून दिली तर ती परत येते, पण फार उशिरा, आणि आली तरी दोन नाही, एकच गुण. प्रमुख म्हणाली, “काका, एवढ्या फेऱ्या थांबणार कोण?” तराजू म्हणाले, “ज्याला हवं असेल तो.” तिने थोडा विचार केला आणि मान डोलावली. नव्या चौकोनाचं चित्र माझ्याकडे आलं. मी आधी हौसेने हिरवंगार काढलं, तर तराजू माझ्या डोक्यावर बसले. “पहिल्यासारखं नको. ओळखू यायला हवं की ही मोडली होती.” मग मी पाण्यावर गंज आणला, फरशीचा तुकडा ठेवला आणि लव्हाळी एकाच बाजूला काढली. ते चित्र माझ्या डोंगरांइतकं देखणं नाही, पण मला ते त्याहून बरं वाटतं.

सगळं जुळवून झालं त्या दिवशी दुपारी तराजूंनी खेळ उघडला. कोपऱ्यात एक एवढंसं गाव बसवलं. शेजारी पाणथळ होती. तिच्यावर त्यांनी बोट नेलं, जरा थांबले आणि दाबलं. पडीक चौकोनावर त्यांनी हात टाकलेला मी त्याआधी कधीच पाहिला नव्हता. पाणथळ गेली, तपकिरी तुकडा उरला. त्यांनी तो लगेच सोडून दिला आणि ‘पुढची फेरी’ दाबली. मग पुन्हा. मग पुन्हा.

“अहो, तपासायचंच आहे तर एका बटणात पुढे पळवता येतं की,” मी म्हटलं.

“माहीत आहे.”

जेवायची वेळ झाली. गोल फिरणाऱ्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या झाल्या. मी डबा काढला आणि त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर तुकडा अजून तपकिरीच होता.

“चला, जेवून घेऊ. तोवर काही पळून जात नाही ते.”

“तुम्ही व्हा पुढे,” ते म्हणाले. “मी बसतो इथे.”

आणि त्यांनी बटण दाबलं.